मुलीला मायक्रॉनचं काम शिकायचंय. सोलापुरातून कोणतं कॉलेज धरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे. मुलगी यंदा बारावी शास्त्र झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल. लहानपणापासून मागाच्या सुट्या भागांत रमणारी. गेल्या वर्षी मागाचा झिजलेला एक बुश तिने व्हर्निअरने मोजला, कागदावर काढला, टर्नरकडून नवा करून आणला आणि तो पहिल्या झटक्यात बसला. आता तिला ‘प्रिसिजन प्रॉडक्शन’ची डिग्री करायची आहे. इंटरनेटवर या नावाने कॉलेजांच्या याद्या मिळतात, पण सगळ्या परदेशातल्या. आपल्याकडे कुठलं कॉलेज चांगलं? सोलापुरात ठेवावं की पुण्याला पाठवावं? नातेवाईक म्हणतात, पोरीला मशीनवर कशाला घालता. धाकटा दहावीत आहे, त्यालाही हीच ओढ.

मी २७ वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवात सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर, मग टूलरूम, आणि गेली १२ वर्षं तपासणी विभाग. नव्या इंजिनिअर पोरापोरींच्या मुलाखती घेणं हेही त्यातच येतं. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडल्यावर काय हातात उरतं, ते मी रोज बघतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘प्रिसिजन प्रॉडक्शन’ हे अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गवारीतलं एका गटाचं नाव आहे. त्या गटात मशीनिस्ट, टूल अँड डाय मेकर, वेल्डर, इतकंच काय, लाकूडकामाचे अभ्यासक्रमसुद्धा येतात. बरेचसे प्रमाणपत्राचे किंवा दोन वर्षांचे. तुम्हाला सापडलेल्या याद्या म्हणजे आपल्या हिशेबाने आयटीआय आणि पॉलिटेक्निक यांच्या मधल्या संस्थांच्या याद्या. आपल्या सीईटीच्या यादीत हे नाव शोधत बसू नका. आपल्याकडे हेच काम वेगवेगळ्या नावांखाली विखुरलंय: आयटीआयमध्ये मशीनिस्ट, टर्नर आणि टूल अँड डाय मेकर हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड, त्याच्यावर टूल अँड डाय मेकिंगचा किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि डिग्रीला प्रॉडक्शन, मॅन्युफॅक्चरिंग नाहीतर मेकॅनिकल. प्रॉडक्शन नावाची शाखा राज्यात आता मोजक्या ठिकाणी उरली आहे. पुण्याच्या सीओईपीत मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग आहे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आणि नांदेडच्या गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत प्रॉडक्शन आहे. बाकी बहुतेक ठिकाणी हा विषय मेकॅनिकलच्या पोटात बसतो. तेव्हा शाखेच्या पाटीवर अडून राहू नका. मेकॅनिकल घेऊन उत्तम टूलरूम इंजिनिअर झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि प्रॉडक्शनची डिग्री असून मायक्रोमीटर उलटा धरणारीही पाहिली आहेत.

आता कॉलेज कसं ओळखायचं. तुम्ही मला दहा निकष विचाराल, तर मी एकच सांगेन: त्यांची मेट्रॉलॉजीची लॅब बघा. म्हणजे मोजमापाची खोली. वर्कशॉप, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, प्लेसमेंटचे फलक, सगळं नंतर. कारण सांगतो. मशीन चालवायला शिकवणारं माणूस कारखान्यात मिळतं. जुना ऑपरेटर पंधरा दिवस शेजारी उभा करून शिकवतो. मोजायला मात्र कुणी शिकवत नाही. पाळी चालू असते, जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, मोजायचे असतात, आणि नव्या पोराला ते येतं असं सगळे धरून चालतात. कॉलेजात जे शिकलं नाही, ते पुढे बहुतेकांचं राहूनच जातं.

आपल्या गावात सूत म्हणजे धागा. सुतार-मिस्त्रीच्या तोंडी मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. त्याच्या कामाला तेवढं पुरतं. तुमच्या मुलीने बुश मोजला तो व्हर्निअर बहुधा ०.०२ मिलिमीटरचा, म्हणजे २० मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मागाच्या बुशाला तेवढं पुरलं. ती ज्या कामाची गोष्ट करते आहे, तिथे २५ मिलिमीटरच्या भोकाला ड्रॉइंगवर कॅपिटल एच सात लिहिलं, तर मापात फरकाची मुभा, म्हणजे टॉलरन्स, २१ मायक्रॉनची. त्यात बसणाऱ्या शाफ्टला स्मॉल एच सहा लिहिलं, तर मुभा १३ मायक्रॉनची. व्हर्निअरची एक रेघ इकडची तिकडे वाचली, की अख्खा टॉलरन्स संपला. तिथून पुढे मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल, स्लिप गेज यांचं राज्य सुरू होतं, आणि त्यांच्याबरोबर तापमानाचं.

तापमान हे आपल्या सोलापूरकरांनी फार जपून समजून घ्यायला हवं. सगळ्या जगात लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरतात. ड्रॉइंगवर १०० मिलिमीटर लिहिलंय याचा अर्थ २० अंशाला १०० मिलिमीटर. पोलाद एक मीटर लांब असेल, तर दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. आता आपला मे महिना घ्या. शेडमध्ये ४२ अंश. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा २० अंशापेक्षा २२ अंशांनी गरम, म्हणजे जवळजवळ २५ मायक्रॉन लांब. त्याच मापाच्या एच सहा शाफ्टला मुभा किती? २२ मायक्रॉन. उन्हानेच टॉलरन्स खाऊन टाकला. तुम्ही म्हणाल, मायक्रोमीटरही पोलादाचाच की, तोही तेवढाच वाढेल. बरोबर आहे. जॉब आणि मापक दोन्ही पोलादी आणि दोन्ही एकाच तापमानाला मुरलेले असतील, तर चूक बरीचशी एकमेकांत कापली जाते. पण जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर नाही, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट पसरतं. आणि जॉब आत्ताच ग्राइंडरवरून उतरला असेल, तरी नाही.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्यात ४० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट घासत होतो. मुभा १६ मायक्रॉन. मे महिना, दुसरी पाळी, कूलंटची टाकी पत्र्याच्या भिंतीला लागून, त्यामुळे कूलंट तापलेलं. मायक्रोमीटर तपासणीच्या एसी खोलीत शून्य करून आणलेला. जॉब उतरला की पुसायचा, मोजायचा, क्रेटमध्ये ठेवायचा. घासायचं व्हील झिजत होतं, त्याने जॉब जाड होत जातो, म्हणून आम्ही माप खालच्या अंगाला धरलं होतं. सगळे जॉब मापात. सकाळी तपासणीत त्यातले दीडशेच्या वर शाफ्ट अंडरसाइज, म्हणजे मुभेपेक्षा बारीक, निघाले. जॉब मापकापेक्षा पंधराएक अंशांनी गरम असताना मोजले होते. ४० मिलिमीटरवर तेवढ्याने सात मायक्रॉनचा फरक पडतो. रात्रीत गार झाले आणि सात मायक्रॉन आकसले. अंडरसाइज जॉबला रिवर्क नसतं, तो भंगारात जातो. आमच्या चार जणांत दोघे डिग्रीवाले होते. चौघांनीही चार-सहा वर्षं या विषयाचं शिक्षण घेतलं होतं, परीक्षेत २० अंश तापमानाचा प्रश्न सोडवला होता, आणि एकालाही त्या रात्री तो आठवला नाही. आम्ही तो कधी हाताने अनुभवलाच नव्हता.

म्हणून सांगतो, पाऊस नीट लागायच्या आधी, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला मुलीला घेऊन कॉलेजला जा आणि मेट्रॉलॉजी लॅब बघायची आहे म्हणा. एसी चालू आहे का, भिंतीवर तापमापक आहे का, हे बघाच. पण त्याहून पक्की खूण म्हणजे तिथली ग्रॅनाइटची सरफेस प्लेट. काळ्या दगडाचं सपाट टेबल असतं ते. तुम्ही येताय म्हणून एसी लावला असेल, तर हवा गार लागेल, पण दगडाला हात लावलात तर तो कोमटच असेल. तेवढ्या जाड दगडाला थंड व्हायला तास न तास लागतात. दगड गार असेल, तर ती खोली रोज वापरात आहे.

मग स्लिप गेजची पेटी उघडून दाखवायला सांगा. आरशासारखे चमकणारे पोलादाचे छोटे तुकडे असतात. गंज, बोटांचे ठसे, रिकामे खण दिसले, तर समजा की पेटी फक्त पाहुण्यांसाठी उघडते. हे झालं वस्तूंचं. खरी परीक्षा वस्तूंची नाही, पोरांची. तिथे तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याला प्रेमाने म्हणा, दोन स्लिप गेज एकमेकांना चिकटवून दाखव. पुसून, आडवे ठेवून, सरकवत-फिरवत दाबले की ते चुंबक नसतानाही एकमेकांना धरून बसतात. ज्याने दहा वेळा केलंय, त्याच्या हाताला ते लगेच जमतं. ज्याने फक्त वाचलंय, तो ते एकमेकांवर नुसते ठेवतो. त्या एका मिनिटात तुम्हाला त्या कॉलेजबद्दल माहितीपुस्तकाहून जास्त कळेल.

उपकरणांवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आणि तारीख बघा. मागच्या वर्षभरातली तारीख असेल आणि प्रमाणपत्र एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं असेल, तर त्या विभागात कुणीतरी जागा माणूस आहे. सीएमएम, म्हणजे तीन अक्षांत मोजणारं संगणकी यंत्र, नसलं तरी मी ते कॉलेज बाद करणार नाही. महाग यंत्र आहे, आणि ज्याला डायल आणि व्ही-ब्लॉकवर गोलाई कशी तपासायची ते कळतं, त्याला सीएमएम तीन महिन्यांत शिकवता येतं. उलट दिशेने ते होत नाही. सीएमएमचं बटण दाबायला शिकलेल्या पोराला आकडा चुकीचा आलाय हे ओळखताच येत नाही.

मग वर्कशॉपकडे वळा. सीएनसी मशीन किती आहेत हे विचारण्यात अर्थ नाही. त्या चालतात किती, हे विचारा, आणि त्याचं उत्तर मशीनच देते. फॅनुक कंट्रोल असेल, तर सेटिंगच्या पानावर टायमर असतो: एकूण पॉवर किती तास चालू होती, आणि प्रत्यक्ष कटिंग किती वेळ झालं. लॅब असिस्टंटला नम्रपणे दाखवायला सांगा. सहा वर्षं जुन्या मशीनवर कटिंगचे तास बोटांवर मोजण्याइतके असतील, तर ती मशीन शोभेची आहे. मशीनखालच्या ट्रेमध्ये चिप्स आहेत का, कूलंटला वास येतो का, इन्सर्टचे, म्हणजे कटिंगच्या पात्यांचे, वापरलेले डबे दिसतात का, हेही बघा. वर्कशॉप लख्ख आणि कोरडं असेल, तर मला काळजी वाटते.

मुलांना, मास्तर जवळ नसताना, एक प्रश्न विचारा: वर्कशॉपचा जॉब तू स्वतः केलास का? काही ठिकाणी मुलं बाहेरच्या टर्नरला पैसे देऊन जॉब करून आणतात आणि तोच जमा होतो. मला याचा मनापासून राग आहे, कारण आईबापांनी फी भरलेली असते ती हात तयार व्हावेत म्हणून. दुसरा प्रश्न: तुझा जॉब कधी नापास झाला का? नापास जॉब परत करायला लावणारा मास्तर जिथे आहे, तिथे मुलगी द्यावी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. नॅकची गुणवत्ता-मान्यता पूर्ण संस्थेची असते, एनबीएची एकेका अभ्यासक्रमाची. तेव्हा कॉलेजला एनबीए आहे असं कुणी सांगितलं, तर मेकॅनिकललाच आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, ते विचारा. अभ्यासक्रमात जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि टॉलरन्स लिहायची पद्धत), मेट्रॉलॉजी आणि जिग-फिक्श्चर (जॉब पकडायची साधनं) हे विषय आहेत का, आणि एखादं पूर्ण सत्र कारखान्यात काढता येतं का, ते बघा. प्लेसमेंटच्या आकड्यात मेकॅनिकलची किती मुलं सॉफ्टवेअरच्या नोकरीला गेली, ते वेगळं काढून मागा. तुमच्या मुलीला मशीनवर राहायचंय, तिच्यासाठी तो आकडा कामाचा नाही.

आता सोलापूर की पुणे. ८४ पर्सेंटाइलवर, तेही खुल्या गटातून, सीओईपी आणि व्हीजेटीआय सहसा हाताला लागत नाहीत. तरी पर्याय अर्जात वर लिहायला पैसे पडत नाहीत. नांदेड जरूर टाका. मागच्या वर्षाची कट-ऑफ यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, तिच्यात आपला गट बघून अंदाज घ्या. पण क्रम लावताना कट-ऑफचा विचार करू नका, मनातल्या पसंतीनेच लावा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, की तोच पक्का धरला जातो, त्यामुळे नको असलेलं नाव पहिल्या जागी चुकूनही टाकू नका. आणखी एक. सोलापूरची वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ ची आणि सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९४७ चं. या दोन वेगळ्या संस्था आहेत. घाईत लोक एकीच्या जागी दुसरी भरतात. नाव वाचून थांबू नका, संस्थेचा सांकेतिक क्रमांक ताडून बघा.

पुण्याचं मधल्या फळीतलं कॉलेज आणि सोलापूर-पंढरपूरचं कॉलेज यांच्यात निवड आली, तर माझं मत स्पष्ट आहे: मोजमापाच्या खोलीत जे कॉलेज उजवं ठरेल ते, आणि बरोबरी झाली तर सोलापूर. पुण्याभोवती कारखाने जास्त आहेत, हे खरंच आहे. पण पहिल्या दोन वर्षांत त्या कारखान्यांचा मुलीला उपयोग शून्य, आणि खोली-मेसचा खर्च पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे काय कमी आहे? अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन एमआयडीसी आहेत. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ मध्ये इथेच सुरू झाली आणि इथून जगभरच्या गाड्यांच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट जातात. किर्लोस्कर फेरसचा कास्टिंगचा कारखाना इथे आहे. ओतकाम आणि त्यावरचं मशीनिंग दोन्ही एका गावात बघायला मिळणं, ही मोठी गोष्ट आहे. कॅमशाफ्टचा लोब, म्हणजे इंजिनाची झडप ढकलणारा उंचवटा, गोल नसतो, त्याचा आकार अंशाअंशाला बदलतो, आणि तो आकार मायक्रॉनमध्ये सांभाळायचा असतो. हे काम ज्या गावात चालतं, त्या गावातल्या मुलीला प्रिसिजन शिकायला परगावी जायलाच हवं, असं मला वाटत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून तिला एखाद्या लहान टूलरूममध्ये बसवा. मोठ्या कंपनीपेक्षा लहान टूलरूम बरी, तिथे एकच माणूस ड्रॉइंग वाचतो, मशीन लावतो आणि मोजतो, आणि तीही तिन्ही बघेल.

मुलीला मशीनवर कशाला, याचं उत्तर मी मुलाखतीच्या एका प्रसंगाने देतो. मी उमेदवाराच्या हातात एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर देतो आणि एवढंच म्हणतो, व्यास सांगा. बहुतेक जण मधोमध एकदा मोजतात आणि आकडा सांगतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली. आपल्याच जिल्ह्यातली, डिप्लोमा करून डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली. गुण बेताचे. तिने शाफ्ट पुसला, मायक्रोमीटर बंद करून शून्य तपासला आणि मला विचारलं, “सर, कुठं मोजू? दोन्ही टोकांना आणि मध्ये, की एकाच ठिकाणी फिरवून?” शाफ्टला टेपर (एका टोकाला निमुळतेपणा) आणि ओव्हॅलिटी (गोलाईत लांबटपणा) दोन्ही असू शकते, हे तिला माहीत होतं. त्या एका प्रश्नावर मी तिला घेतलं. आज ती आमचा सीएमएम विभाग सांभाळते आणि ग्राहकाचे ऑडिटर आले की त्यांच्यासमोर तीच उभी राहते. या कामात दंडातल्या ताकदीला किंमत नाही, मायक्रोमीटरला तर रॅचेटच असतं, जोर लावताच येत नाही. नजर स्थिर लागते आणि आकडा खोटा न लिहिण्याची हिंमत लागते. जी मुलगी बुश मोजून, कागदावर काढून, टर्नरसमोर उभी राहून करून आणते, तिला नातेवाइकांच्या बोलण्याने थांबवू नका. माझी ही कळकळीची विनंती आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा मुलींची चौकशी वेगळी करा. वर्कशॉपमध्ये मुलींना मशीनवर उभं करतात की वही लिहायला बसवतात? एका बॅचमध्ये चार मुलं मशीनपाशी आणि मुली मागे रीडिंग लिहिताहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. दिसलं तर तिथेच विचारा.

पैशाचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलं आहे. अट ही, की प्रवेश कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतूनच हवा. म्हणून मॅनेजमेंट कोट्यातली जागा आज घ्या नाहीतर जाईल, असं कुणी घाबरवलं, तरी सही करू नका. ती जागा घेतली की ही सवलत गेली. उत्पन्नाचा, जातीचा आणि लागू असेल तर नॉन-क्रिमी लेअरचा दाखला आत्ताच काढायला टाका. दरवर्षी गुण असूनही दाखल्यासाठी अडलेली मुलं दिसतात.

समजा मनासारखं डिग्रीचं कॉलेज नाहीच मिळालं. तर बारावी शास्त्रवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा दोन वर्षांत पुरा करायचा आणि मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. एकूण एक वर्ष जास्त जातं. पण हात पक्का होतो, आणि मघाशी सांगितलेली मुलगी डिप्लोमातूनच आली होती. हलक्या कॉलेजातल्या डिग्रीपेक्षा हा रस्ता मी केव्हाही वरचा मानतो.

धाकट्यासाठी तर माझं उत्तर वेगळं आहे. दहावीनंतर त्याला सरळ टूल अँड डाय मेकिंगच्या डिप्लोमाला घाला. छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची. तिथे हा चार वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि मुलं शिकतात ती खऱ्या टूलरूमच्या सोबतीने. दुसरं, आपल्याला जवळचं म्हणजे कलबुर्गी. कर्नाटक सरकारच्या टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरचं तिथे केंद्र आहे, तीन वर्षं शिक्षण आणि शेवटचं एक वर्ष कारखान्यात. आपल्याकडून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा एकदा बघूनच या. परराज्यातल्या मुलांसाठी जागा आणि फी यांची चौकशी तिथल्या कार्यालयात आधी करा. या दोन्ही ठिकाणांहून आलेली मुलं पहिल्या दिवशी डायचं ड्रॉइंग हातात घेतात आणि कामाला लागतात. डिग्रीचं पुढे बघता येईल, वय हातात आहे.

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर मुलीला एक काम द्या. ० ते २५ मिलिमीटरचा एक बरा मायक्रोमीटर विकत घ्या, ०.०१ चा चालेल. मागाचीच एखादी नवी, गुळगुळीत पिन घ्या. ती पिन पहाटे सहा वाजता दहा वेळा मोजायची आणि दहाही आकडे लिहायचे. दर वेळी मायक्रोमीटर पूर्ण उघडून पुन्हा बंद करायचा, आधीचा आकडा झाकून ठेवायचा. मग पिन एक तास उन्हात ठेवून दुपारी दोनला, सावलीतल्या मायक्रोमीटरने पुन्हा दहा वेळा. असं आठ दिवस. दहाही आकडे सहसा सारखे येणार नाहीत. ते का येत नाहीत, हाताने किती फरक पडला आणि उन्हाने किती, हे तिने स्वतः शोधायचं, तुम्ही सांगायचं नाही. लहान पिनवर उन्हाचा फरक मायक्रोमीटरच्या एका रेघेपेक्षाही कमी निघेल, आणि हाताचा त्याहून बराच मोठा. तिला ते दिसलं का, हे मला बघायचंय.

तो कागद, खाडाखोड असेल तशीच ठेवून, तिच्यासकट घेऊन या. कुठलीही लॅब बघायला जाण्याआधी तिने काय विचारायचं, ते आम्ही दोघं त्या आकड्यांवरून ठरवू, आणि पर्याय अर्जाचा क्रमही त्याच बैठकीत लावू.